मास्तर, तेवढं अजय-अतुलचं घ्या!

मी बेंजो वाजवतो. लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, आत ताणलेल्या तारा आणि खाली पिकअप. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. तासगाव तालुक्यातल्या आमच्या पार्टीत एक कॅसिओवाला, एक पॅडवाला, ढोल-ताशाची पोरं आणि एक म्हातारा हलगीवाला आहे. तो म्हातारा आमच्या सगळ्यांच्या आधीपासून वाजवतो. सुपाऱ्या सांगली जिल्ह्यातल्या, आणि कराड, वाई, फलटणपर्यंत साताऱ्याच्याही. परण्या, वरात, गणपती, जत्रा, निवडणुकीचा गुलाल, जे येईल ते. धून वाजवणाऱ्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर.

गेली बरीच वर्षं आमच्याकडं येणाऱ्या फर्माइशींत निम्म्याहून जास्त एकाच जोडीच्या असतात. अजय आणि अतुल गोगावले. लोक त्यांच्या गाण्यांवर भांडतात, पैसे ओवाळतात, रडतातही. वाजवता वाजवता जे कळलं ते लिहितोय.

१. फर्माईश गाण्याच्या नावानं येत नाही

"मास्तर, आर्चीचं घ्या." "ते जोगत्याचं येतंय का?" "मामा, त्ये कोंबडीचं!" नवीन कॅसिओवाला गोंधळतो, कारण 'सैराट'मधल्या आर्चीची गाणी एकाहून जास्त. त्याला पहिला धडा हाच देतो: मागणाऱ्याचं तोंड बघ. घाम फुटलेला असेल तर 'झिंगाट'. लग्न नुकतंच ठरलेलं असेल तर 'याड लागलं'. करवली घोळक्यानं आली असेल तर 'आताच बया का बावरलं'.

कोंबडीची गोष्ट आणखी गमतीची. 'कोंबडी पळाली' हे २००६ सालच्या 'जत्रा'मधलं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली. आता वरातीत चाळिशीचा माणूस 'जत्रा'तल्या क्रांती रेडकरचं मागतो आणि त्याचा पुतण्या 'अग्निपथ'मधल्या कतरिनाचं. दोघांची जुंपते. मी मान हलवतो आणि जे वाजवायचं तेच वाजवतो. बेंजोला शब्द नसतात. दोघंही आपलं गाणं लागलं म्हणून नाचतात आणि दोघांच्याही खिशातून नोट निघते.

२. अजय कोण, अतुल कोण, यावर पैज लावू नका

निम्म्या लोकांना वाटतं की नाव आधी म्हणजे अजय मोठा. मोठे अतुल, जन्म १९७४ चा. अजय १९७६ चे. गातात बहुतेक वेळा अजय. 'मल्हारवारी', 'लल्लाटी भंडार', 'खेळ मांडला', 'माऊली माऊली', 'याड लागलं', हा सगळा त्यांचा गळा. वडील महसूल खात्यात, त्यामुळं बदल्या, आणि बालपण पुणे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांमध्ये गेलं. घरात गाणं-बजावणं नव्हतं. आमच्या पॅडवाल्याला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर शेवटचं वाक्य. कुणी "तुझ्या घराण्यात कोण वाजवत होतं?" असं विचारलं की तो अजय-अतुलच्या वडिलांच्या नोकरीचा दाखला देतो.

३. बेंजोवर काय टिकतं आणि काय मरतं

हे मला कुणी शिकवलं नाही. रस्त्यावर वाजवूनच कळलं. बेंजोची तार छेडली की स्वर लगेच विरतो. बासरी किंवा व्हायोलिन जसा एकच स्वर धरून ठेवतं, तसं इथं होत नाही. स्वर लांबवायचा तर उजवा हात तारेवर भराभर फिरवत राहायचा. मनगट भरून येतं आणि तरी तो स्वर थरथरतच राहतो. म्हणून ज्या गाण्यात शब्द तुटक आणि ठोक्यावर येतात ते बेंजोवर उभं राहतं. ज्यात ओळीच्या शेवटी गळा लांबतो ते पडतं.

'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. दुष्काळाचं वर्ष. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटत होती. आमच्याकडं सुपाऱ्या कमी होत्या, पण गणपती आले आणि 'झिंगाट' सोडून दुसरं काही वाजवायची सोयच राहिली नाही. एका मंडळासमोर ते संपवलं की पुढचं मंडळ आडवं यायचं. त्या सिनेमाच्या संगीतासाठी दोघं भाऊ लॉस एंजेलिसला गेले होते. तिथल्या सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून त्यांनी वाजवून घेतलं. मोठा वाद्यवृंद, ओळीनं बसलेले व्हायोलिनवाले, पितळी वाद्यं. आणि आमच्याकडं त्याच्या बदल्यात एक कॅसिओ, त्याचीही वरची दोन बटणं अडकणारी.

'याड लागलं' मी खूप दिवस बसवत होतो. सुरुवातीचे व्हायोलिनचे तुकडे कॅसिओवर दिले, मधली चाल मी घेतली. सूर बरोबर लागायचे, पण गाण्याचा जीव त्या तारवाद्यांच्या लाटेत आहे आणि ती लाट छोट्या हत्तीच्या टपावर बसवलेल्या दोन स्पीकरमधून येत नाही. लोक नाचायचे थांबून बघत राहायचे. 'झिंगाट'चं उलटं. एकदा इंदोलीच्या पुढं जनरेटर बंद पडला. बेंजो मुका, कॅसिओ मुका. म्हाताऱ्यानं नुसत्या हलगीवर ठेका धरला, ताशा त्यात मिसळला आणि पोरांनी चाल स्वतःच्या तोंडानं पुरवली. एकाही माणसाची पावलं थांबली नाहीत. लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा काढून घेतला तरी गाणं जागेवर होतं.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे की या जोडीची गाणी दोन जातींची आहेत. एक जात ठेक्यावर उभी, दुसरी वाद्यमेळावर. आमच्या भागात पहिली जात जास्त चालते यात नवल नाही. पण दुसरीतली कारागिरी मोठी, हे मी 'याड लागलं'समोर हात टेकून सांगतो.

४. हलगीवाल्याला विचारल्याशिवाय 'जोगवा' वाजवायचा नाही

आमचा म्हातारा सिनेमा बघत नाही. पण अजय-अतुलचं गाणं कुठून आलंय हे तो ठेक्यावरून सांगतो. हलगी, घुमकं, कैताळ, संबळ, दिमडी, चौंडकं ही वाद्यं त्याच्या ओळखीची. ती शंभर व्हायोलिनच्या मागं जरी वाजली तरी त्याला ऐकू येतात. "ह्ये आपलंच हाय, नवं धोतर नेसवलंय," असं तो एकदा म्हणाला होता. माझ्या मते याहून नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

'जोगवा'चा आमच्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. २००९ मध्ये आलेला राजीव पाटलांचा हा सिनेमा राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेवर बेतलेला आहे. चारुता सागर म्हणजे दिनकर भोसले, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे. संगीताचं राष्ट्रीय पारितोषिक अजय-अतुलना मिळालं, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनाचं आणि उपेंद्र लिमयेंना अभिनयाचं. मळणगावच्या बाजूला सुपारी असली की मी हे पोरांना सांगतो. एका कुटुंबातल्या शिक्षिका बाई मला म्हणाल्या, "मास्तर, मी ही कथा वाचली आहे, आणि गाणंही रोज ऐकते, पण दोन्हीचा संबंध आज कळला."

पण जोगत्या-जोगतिणींची गाणी ही आमच्याकडं नुसती गाणी नाहीत. जतला मार्गशीर्षात यल्लमाची मोठी यात्रा भरते, आणि त्या पट्ट्यात घरोघरी देवीचं काही ना काही चालत आलेलं असतं. एका वरातीत पोरांनी 'जोगवा'तलं 'लल्लाटी भंडार' मागितलं. आम्ही रंगात येऊन घेतलं, आणि ओट्यावर बसलेल्या एका आजीच्या अंगात आलं. नवरदेव घोड्यावर, घोडा बिथरलेला, आजींचे केस सुटलेले, सगळे हात जोडून उभे. म्हाताऱ्यानं हलगी थांबवली नाही. ठेका हळूहळू उतरवत नेला, आजी शांत झाल्या, मग थांबवली. एकदम तोडायचं नसतं, असं तो नंतर म्हणाला. आता आम्ही ते गाणं जत्रेत देवळासमोर वाजवतो. वरातीत कुणी मागितलं तर "म्हाताऱ्याला विचारा" म्हणतो, आणि म्हातारा कमरेवर हात ठेवून नाही म्हणतो.

पालीच्या खंडोबाचं मात्र वेगळं. कराड तालुक्यातल्या पालीत पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडारा आणि खोबरं इतकं उधळतात की बेंजोच्या बटणांमध्ये पिवळी पूड बसते आणि घरी येऊन ब्रशनं काढावी लागते. तिथं 'मल्हारवारी' कितीही वेळा वाजवली तरी कमी. तो देवच नाचणारा आहे.

५. माऊलींच्या वाटेवर आमचं काही काम नाही

माझी थोरली बहीण लोणंदला दिली आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. चांदोबाच्या लिंबाशी पहिलं उभं रिंगण होतं. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर 'लय भारी'मधलं 'माऊली माऊली' लागलेलं असतं. दिंडी जवळ आली की टपरीवाला न सांगता आवाज बारीक करतो. टाळ-मृदंगापुढं ते कमीच पडतं, आणि हे त्याला ठाऊक असतं.

६. म्हाताऱ्यांना जोडी विचारली तर ते वेगळंच नाव घेतात

सांगलीजवळच्या कवलापुरात एका परण्यानंतर पारावर चहा प्यायला बसलो होतो. पोरं मोबाईलवर अजय-अतुलच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघत होती. मोठा रंगमंच, कोरस, ढोलवाले, समोर हजारोंची गर्दी. शेजारच्या आण्णांनी तो बघितला, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "जोडी म्हंजे काळू-बाळू."

ते कवलापूरचे. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. त्यांच्या आधीच्या पिढीतही याच घराची शिवा-संभा ही भावांची जोडी तमाशात गाजलेली. म्हणजे या गावानं दोन पिढ्या जोड्याच दिल्या. 'जहरी प्याला' या वगातले काळू-बाळूचे हवालदार ज्यांनी बघितले त्यांना आजही हसू आवरत नाही. आण्णांनी तिथंच एक प्रसंग सुरू केला. एक वाक्य काळूचं, दुसरं बाळूचं, आवाज बदलून. दुसरे एक आजोबा उठून आले आणि म्हणाले, "तसं न्हाई, त्यो थांबायचा हितं." मग दोघांचा वाद. काळूनं टोपी आधी काढली की बाळूनं. पोरांनी मोबाईल खाली ठेवले.

पाऊण तास तो वग चालला. रेकॉर्डिंग नाही, व्हिडिओ नाही, सगळं पाठ. मला तेव्हा जाणवलं की आमच्या पोरांना अजय-अतुलचं प्रत्येक गाणं हवं तेव्हा हातात मिळतं, म्हणून त्यातला एकही थांबा त्यांना असा सांगता येत नाही. आण्णांना एकेक थांबा आठवत होता, कारण कनातीत बसून बघितलेला तो प्रयोग त्यांना घरी आपल्या तोंडानं न्यावा लागला होता.

७. आवाज वाढवला की गाणं कळत नाही

डॉल्बीनं आमचा धंदा मारला, हे खरं आहे आणि ते मी रागानंच म्हणतो. पण राग बाजूला ठेवला तरी, २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्यात भिंत कोसळून माणसं गेली, आणि डॉल्बीच्या हादऱ्यानं ती पडली असं तेव्हा सगळीकडं बोललं गेलं. त्यानंतर डॉल्बीमुक्त गणपतीची भाषा सुरू झाली, काही वर्षं आम्हाला बरे दिवस आले, मग पुन्हा होतं तेच. भिंतीएवढ्या स्पीकरवर 'झिंगाट' लावलं की छातीत धडधड ऐकू येते, हलगी ऐकू येत नाही. आणि हलगी ऐकू आली नाही तर त्या गाण्यात उरलं काय?

८. पसरणीची माणसं हक्क सांगतात, सांगू द्या

वाई तालुक्यातलं पसरणी हे शाहीर साबळेंचं गाव. जन्म ३ सप्टेंबर १९२३. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २८ एप्रिल २०२३ ला, त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला 'महाराष्ट्र शाहीर' आला आणि संगीत अजय-अतुलचं. त्यातलं 'बहरला हा मधुमास' इतकं पसरलं की त्या उन्हाळ्यात नवरी मांडवात यायची झाली की तेच. श्रेया घोषाल आणि अजय यांनी गायलेलं, गुरू ठाकूर यांचे शब्द. बेंजोवर ते छान बसतं. उड्या मारत जाणारी चाल आहे, लांबवायचं फारसं काही नाही.

वाईच्या बाजूला वाजवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. 'मधुमास' झालं की कुणीतरी "आता शाहिरांचं घ्या" म्हणतो, आणि त्याला 'जय जय महाराष्ट्र माझा' हवं असतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, साबळेंचा आवाज, आणि २०२३ पासून ते राज्यगीत आहे. ते सुरू झालं की नाचणारी माणसं थबकतात, काही सावधान उभी राहतात, घोडावाला घोडा थांबवतो. नंतर पुन्हा नाच उभा करायला वेळ लागतो. म्हणून ते आम्ही मिरवणूक दारात पोचल्यावरच घेतो. मुलीच्या वडिलांनाही ते आवडतं.

९. एक गाणं मी मागितल्याशिवाय वाजवत नाही

'खेळ मांडला', 'नटरंग'मधलं. २०१० च्या पहिल्या दिवशी आलेला सिनेमा, मूळ कादंबरी कागलच्या आनंद यादवांची. त्याच सिनेमातल्या 'वाजले की बारा' आणि 'अप्सरा आली' या बेला शेंडेंच्या लावण्या आम्ही हव्या तेव्हा घेतो. 'खेळ मांडला' आनंदाच्या जागी कुणी मागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूसकडची गावं पाण्यात, जनावरं दावणीला मेलेली. पुढच्या महिन्यात गणपती होते. मंडळांनी सुपाऱ्या परत घेतल्या आणि आम्हीही विसार परत केला. नदीकाठच्या एका गावानं मात्र बोलावलं, म्हणाले वर्गणी नाही, मिरवणूक नाही, आरतीपुरतं या. भिंतींवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती. आरती झाली, प्रसाद वाटला आणि एका गड्यानं 'खेळ मांडला' मागितलं. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या, असं नंतर कळलं. बेंजोवर असं गळा लांबवणारं गाणं पडतं, वर लिहिलंच आहे. तिथं ते पडलं नाही. तो थरथरणारा स्वरच कदाचित बरा होता.

१०. प्रत्येकाची यादी वेगळी असते आणि ती बदलत नाही

सुपारी संपली की टेम्पो हायवेच्या एखाद्या ढाब्यावर थांबतो आणि वाद सुरू होतो. अजय-अतुलची पाच गाणी सांगा. पॅडवाल्याचं पहिलं 'देवा श्री गणेशा', कारण पॅडवर त्याला त्यात भरपूर जागा आहे. कॅसिओवाल्याचं 'सुख कळले', कारण ते आलं त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. ताशावाला 'झिंगाट' पाचही जागी घालतो. म्हातारा यादी करत नाही, फक्त आमच्या याद्या ऐकून "ह्यात गाणं कुठंय?" म्हणतो.

माझं पहिलं 'वाऱ्यावरती गंध पसरला'. 'सावरखेड एक गाव', २००४. कुणाल गांजावालानं गायलेलं. त्या वेळी या दोघांचं नाव आमच्याकडं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, आणि अजूनही बरेच जण हे गाणं ओळखतात पण ते अजय-अतुलचं आहे हे ओळखत नाहीत. यंदा ते मी बसवलं आणि ओगलेवाडीच्या एका वरातीत 'झिंगाट'च्या आधी घेतलं. पोरं थांबली. एकजण पुढं आला, खिशातली नोट काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये भारी हाय, पण आता अजय-अतुलचं घ्या की."